हे पिलू कुणाचं?

मे लागला की मंद्रूपला आमच्या गल्लीत पोरांच्या परीक्षा संपलेल्या असतात आणि चिमण्यांची पिलं घरट्याबाहेर यायला लागलेली असतात. मग दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पोर ओंजळ मिटून माझ्या दारात उभं राहतं. इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवत होते, त्यामुळे गावातल्या कितीतरी आईबापांची मी ‘बाई’ आणि त्यांच्या लेकरांची ‘आज्जी’. ओंजळ उघडते. आत कधी डोळेसुद्धा न उघडलेला उघडाबोडका गुलाबी जीव असतो, कधी पंख फुटलेलं, आखूड शेपटीचं, चोचीच्या कडा अजून पिवळ्या असलेलं पिलू. ‘‘आज्जी, हे खाली पडलं होतं. आता काय करायचं?’’

ह्या प्रश्नाला गावात तयार उत्तरं पुष्कळ आहेत. कुणी म्हणतं, हात लावू नका. कुणी म्हणतं, घरात घ्या, कापसात ठेवा, दूध पाजा. कुणी म्हणतं, ज्याचं त्याचं प्रारब्ध, आपण मध्ये पडू नये. ह्या प्रत्येक उत्तरामागे धर्मातली एकेक मोठी कल्पना उभी आहे, आणि जमिनीवरचं एवढंसं पिलू तिची परीक्षा घेतं. म्हणून पोरांचा हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेत नाही.

लहानपणी मी सगळ्यात आधी ऐकलं ते हात न लावण्याचं. आमचं घर माळवदाचं होतं. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या काटक्या-फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्या फटींमध्ये चिमण्यांची वर्षानुवर्षांची बिऱ्हाडं. घरात आम्ही त्यांना कानडीत ‘गुब्बी’ म्हणायचो. सोप्यातल्या शहाबादी फरशीवर पिलू पडलं की आई आतून ओरडायची, ‘‘शिवू नको गं! माणसाचा हात लागला की त्याची आई त्याला घेत नाही. बाकीच्या चिमण्या टोचून मारतात. बाटतं ते.’’ आम्ही पोरं हात मागे बांधून बघत बसायचो. थोड्या वेळानं मुंग्या यायच्या.

ही समजूत एकट्या आमच्या गावची नाही; दूरदूरच्या देशांतही मुलांना हेच सांगतात. पाखरांचा अभ्यास करणारे मात्र निराळं सांगतात. चिमणी, बुलबुल, साळुंकी यांच्या पिलाला माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. घरटं कुठं आहे हे तिला पाठ असतं, पिलाची हाक तिला कळते, आणि तिच्यासमोर वासलेली चोच दिसली की ती भरवते. अंडी घालायच्या दिवसांत घरट्याशी फार खुडबुड झाली तर काही पाखरं घरटं सोडून जातात, पण ते भीतीपोटी. डोळे मिटलेलं पिलू उचलून घरट्यात परत ठेवलं आणि आपण बाजूला झालो, तर चिमणी अळी घेऊन येते आणि सकाळी जशी भरवत होती तशीच भरवते.

म्हणजे विटाळ चिमणीला ठाऊक नाही. तो आपण तिच्या अंगावर घातला.

मंगळवेढं आमच्याच जिल्ह्यात. चोखोबा तिथले, १३३८ मध्ये गावकुसाचं काम चालू असताना ते अंगावर कोसळून तिथंच गेले. त्यांच्या बायकोनं, सोयराबाईनं, विटाळावर जो अभंग रचला तो मी वर्गात अनेकदा शिकवला. विटाळ देहातच असतो तर त्यावाचून जन्मलेला देह कुठला, असं ती बाई थेट देवासमोर विचारते. तो शिकवताना मी नेहमी चिमणीच्या पिलाची गोष्ट काढायची. माणसांच्या पंगतीतली शिवाशिव उघड दिसली की आज आपण तिला वाईट म्हणतो. पण तीच शिवाशिव पाखराच्या नावानं लेकरांना शिकवली जाते तेव्हा ती कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पाच-सहा वर्षांची पोरगी कळवळून हात पुढे करते, आणि आपण तिला सांगतो की तुझा हात लागला म्हणून आता ह्याची आई ह्याला सोडून देईल. स्वतःच्या हाताबद्दल केवढी भयंकर गोष्ट ती त्या दिवशी शिकते! आईच्या ओरडण्यानं पोरांचे चाळे घरट्यांपासून लांब राहिले असतील आणि त्यानं काही पिलं वाचलीही असतील, हे मी मानते. पण खोट्या विटाळावर उभी केलेली दया मला नको आहे.

म्हणून उघडंबोडकं पिलू आलं की माझं पोरांना पहिलं सांगणं असतं, चला, ह्याचं घर दाखवा. शिडी लावायची आणि परत ठेवायचं. घरटंच पडून विस्कटलं असेल तर लहानशी दुरडी किंवा तळाला भोकं पाडलेला डबा घ्यायचा, त्यात वाळलं गवत घालायचं, आणि शक्य तितक्या जवळ, सावलीत, मांजर पोचणार नाही असा टांगायचा. पिलाची हाक आईला तिथवर आणते. आपण लांब जाऊन बसायचं. हे लांब जाऊन बसणं पोरांना सगळ्यात अवघड जातं, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही.

पंख फुटलेल्या पिलाची गोष्ट ह्याच्या अगदी उलट. इथं निर्दय माणसापेक्षा दयाळू माणूस जास्त नुकसान करतो. चिमणीचं पिलू पंधरा दिवसांच्या आसपासचं झालं की घरटं सोडतं. त्याला अजून नीट उडता येत नाही. काही दिवस ते जमिनीवर, झुडपांत, कुंपणाच्या खाली असं उड्या मारत राहतं आणि आईबाप त्याला तिथंच येऊन भरवतात. आपल्याला दिसतं ते एकटं बसलेलं, फुगलेलं, केविलवाणं पिलू. त्याची आई समोरच्या विजेच्या तारेवर, चोचीत किडा धरून, आपण कधी हलतोय ह्याची वाट बघत असते. आपण हलत नाही. आपण पिलू उचलतो आणि घरी नेतो. त्या आईच्या बाजूनं पाहिलं तर ह्याला पळवणंच म्हणायला हवं.

घरी नेल्यावर पुढं काय होतं तेही सांगते. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजतात. पाखराला दूध पचत नाही. चोचीत पाणी सोडतात. पाखराच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच उघडं असतं, पाणी त्यात जातं आणि पिलू गुदमरतं. भात भरवतात, चिमणीच्या पिलाला वाढायला अळ्या-किडे लागतात, मोठेपणी आपल्या ज्वारीवर ती कितीही ताव मारो. दोन दिवसांनी पिलू मरतं आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, आपण केलं होतं बाई सगळं.

काळ्या रानातल्या माणसाला ही गोष्ट टिटवी शिकवते. सोलापूरहून विजापूरच्या रस्त्यानं मंद्रूपकडे येताना दोन्ही बाजूंना जी रब्बी ज्वारीची रानं लागतात, ती उन्हाळ्यात नांगरून उघडी पडलेली असतात. त्या ढेकळांत टिटवी अंडी घालते. घरटं असं काही नसतंच. चार खडे, चार काड्या आणि मातीच्याच रंगाची चार अंडी. पारा ४३-४४ अंशांना टेकलेला असताना ती लांब पाणवठ्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून आणते आणि त्या ओलाव्यानं अंडी गार ठेवते. तिचं पिलू जन्मल्यावर काही तासांत चालायला लागतं. जमिनीवरच जन्मलेलं, जमिनीवरच वाढणारं. आईनं धोक्याची हाक दिली की ते जिथं असेल तिथं मातीशी एकजीव होऊन निपचित पडतं. एखादा वाटसरू ते पाहतो आणि ‘अरेरे, बिचारं मरायला टाकलंय’ म्हणून उचलतो. वर टिटवी ओरडून ओरडून आकाश फाडत असते, आणि तिची ओरड त्याला अपशकुन वाटते.

म्हणून कोणतंही पिलू पाहिलं की पोरांना मी ‘काय करायचं’ हा प्रश्न विचारू देत नाही. आधी विचारायचं, हे कुणाचं आहे? लांब उभं राहून, तोंड मिटून, पिलाला कुणी भरवायला येतंय का ते पाहायचं. उत्तर कधी चमत्कारिकही मिळतं. जूनच्या सुमाराला कावळा एखाद्या वेगळ्याच पिलाला भरवताना दिसतो. ते कोकिळेचं असतं. अंडं कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात टाकलेलं. आता ते पिलू कुणाचं म्हणायचं? माझ्या दृष्टीनं ते कावळ्याचं, कारण त्याच्या चोचीत घास कावळा घालतो. सोलापुरातच १९३२ साली जन्मलेल्या आणि २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच देह ठेवलेल्या मारुती चितमपल्लींची पुस्तकं आमच्या शाळेच्या कपाटात होती. पाखरापुढं थांबून पाहावं, ही सवय मला त्यांच्या वाचनानं लागली.

नामदेवांच्या एका अभंगात आई चारा आणायला गेलेली आहे आणि उपाशी पिलू तिची वाट पाहतंय. भक्ताचं मन तसं आहे, असं ते सांगतात. मी कितीदा तरी हा अभंग भजनात ऐकलाय. त्या पिलाला अनाथ समजून कुणी उचलून नेलं, तर सगळा अभंगच मोडून पडेल. वाट पाहणाऱ्याला कुणीतरी आहे, आणि त्याचं एकटं दिसणं हेच त्याच्या नात्याचं चिन्ह आहे. आपली दया जेव्हा उतावीळ होते तेव्हा तिला फक्त एकटेपण दिसतं, नातं दिसत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात ह्याहून कठीण प्रसंग आहे. खांडववन पेटलंय. जरिता नावाची शार्ङ्ग पक्षीण आपल्या चार पिलांपाशी आहे, त्यांना अजून उडता येत नाही, आणि त्यांचा बाप मंदपाल दुसऱ्या पक्षिणीबरोबर निघून गेलेला. आग जवळ आल्यावर ती म्हणते, जवळच उंदराचं बीळ आहे, त्यात शिरा, मी वर माती लोटते. पिलं नको म्हणतात. बिळात उंदीर नक्की खाईल. आग कदाचित वळेलही. तू जा, तू वाचलीस तर पुढे सगळं आहे. ती जड मनानं उडते. अग्नी पिलांना सोडतो, कारण मंदपालानं त्याची प्रार्थना करून तसं वचन घेतलेलं असतं, आणि जरिता पुन्हा पुन्हा येऊन पिलं जिवंत आहेत का पाहते. मी ही कथा वाचते तेव्हा त्या बिळापाशी थांबते. जरितेइतकी माया कुणाची असणार? पण घाबरलेल्या मायेला आगीपासून वाचवताना बिळातला उंदीर सुचत नाही. बुटांच्या खोक्यात कोंबलेली, कापसात गुदमरलेली पिलं मी पाहिली आहेत. तीही बिळंच.

दुसऱ्या परंपरांनीही ह्या मुद्द्याला हात घातलेला आहे. हदीसमध्ये एका प्रवासाचा प्रसंग येतो. सोबत्यांनी एका लहान पाखराची दोन पिलं उचलली. आई येऊन पंख फडफडत राहिली. पैगंबरांनी विचारलं की हिला हिच्या लेकरांपायी कुणी दुःख दिलं, आणि पिलं परत ठेवायला सांगितली. त्या प्रसंगात पिलांचे हाल होत होते असं नाही. कदाचित त्यांना कुणी प्रेमानंच घेतलं असेल. पैगंबरांनी पाहिलं ते आईकडे.

तुकोबांची एक कथा कीर्तनांत सांगतात. दाणे टिपणारी पाखरं त्यांना पाहून उडाली, तेव्हा आपल्यात अजून परकेपणा उरला म्हणून ते व्याकूळ झाले, आणि पाखरं येऊन अंगाखांद्यावर बसेपर्यंत तसेच उभे राहिले. ही कथा माझी फार लाडकी आहे. तरी पोरांना सांगताना मी तिला पुरवणी जोडते. तुकोबांच्या अंगावर पाखरं बसली ती तुकोबांमुळे. आपल्याला पाखरानं भ्यायलाच हवं. कॉनराड लॉरेन्झ यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं ते प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठी; अंड्यातून बाहेर आल्याबरोबर हंसांच्या पिलांनी त्यांनाच पाहिलं आणि ती त्यांनाच आई समजून मागे मागे फिरू लागली, हे त्यांनी दाखवलं. माणसाच्या हातावर वाढलेलं पिलू माणसाला भीत नाही, आणि मग गल्लीत मांजरापुढं आणि गलोलवाल्या पोरापुढं ते तसंच निर्धास्त जाऊन बसतं. त्याची भीती ही त्याच्या आईनं त्याला दिलेली ठेव आहे. आपल्या मायेपायी ती काढून घ्यायचा अधिकार आपल्याला नाही. पोपटाचं पिलू पिंजऱ्यात ठेवणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे, पण कायद्याआधीही ते चूकच होतं.

ह्या सगळ्याचं मूळ मला आमच्या सोलापुरातच सापडतं. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्या काळच्या सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, त्यांनी तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापली, हजारो हातांना कामाला लावलं. संक्रांतीला नंदीध्वज निघतात ते त्यांच्याच यात्रेत. दुष्काळी मुलखात तळं खोदण्यापेक्षा मोठं पुण्य कोणतं? आणि तरीही ‘शून्यसंपादने’ ह्या कन्नड ग्रंथात कथा येते की शरण अल्लमप्रभू तिथं आले आणि त्या खोदकामापुढं उभं राहून त्यांनी सिद्धरामांना डिवचलं. चिडलेल्या लोकांनी दगड मारले. अल्लमांचा रोख तळ्यावर नव्हता. हे सत्कर्म ‘मी’ करतोय, ही जी गाठ सिद्धरामांच्या मनात बसली होती तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. सिद्धराम पुढे त्यांच्याबरोबर बसवण्णांच्या कल्याणला गेले. तळं आजही आहे. अल्लमांनी ते बुजवायला सांगितलं नाही.

पिलू ओंजळीत घेतलं की छातीत जे ऊबदार काहीतरी दाटतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ते खोटं नसतं. पण त्यात थोडा वाटा ‘मी ह्याला वाचवलं’ ह्याचा असतो, आणि तोच वाटा आपल्याला पिलू परत ठेवू देत नाही. घरट्यात ठेवलं की ते पुन्हा चिमणीचं होतं. आपलं काही उरत नाही. बसवण्णांनी दयेला धर्माचं मूळ म्हटलं. मला वाटतं, कल्याणची ही दोन माणसं एकत्र वाचावीत. बसवण्णा सांगतात की हात पुढे कर. अल्लम विचारतात, आता हा हात मागे घेता येतो का?

प्रारब्धाबद्दल मी थोडक्यात बोलते, कारण त्यात थोडक्यात बोलण्यासारखंच आहे. स्वतःचं दुःख सोसताना प्रारब्ध शब्दानं धीर येत असेल तर माणसानं तो जरूर घ्यावा. दुसऱ्याच्या दुःखाला तो लावायचा नाही. माळवदं गेली, पत्रे आले. पत्र्याखाली घरटं केलेल्या चिमणीची पिलं मे महिन्यात तापून घराबाहेर उड्या टाकतात, पंख नसतानाही. त्या पिलाच्या प्रारब्धात आमचा पत्रा आहे. मांजराचंही तसंच. शिक्रा येऊन पिलू उचलतो तेव्हा मी त्याला हाकलत नाही. त्याच्याही घरी वासलेल्या चोची आहेत, आणि शिबी राजाच्या कथेतला ससाणा राजाला हेच ऐकवतो की कबुतर वाचवशील, मग माझ्या भुकेचं काय? पण मांजर आपलं. दूध आपण घालतो. पिलं बाहेर पडायच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ त्याला घरात ठेवणं हे आपलं काम आहे. मांजराचा दात लागलेलं पिलू वरून धड दिसलं तरी बहुतेक जगत नाही, मांजराच्या लाळेतले जंतू आत जातात. ते तडक जनावरांच्या दवाखान्यात न्यावं, नाहीतर वनखात्याच्या १९२६ ह्या नंबरावर फोन करावा.

पाकोळीला मात्र ‘लांबून बघा’ लागू नाही. जुन्या देवळांच्या आणि पुलांच्या पोटाशी राहणारी ही पाखरं जमिनीवर उतरतच नाहीत. पाय इतके आखूड की खाली पडली तर बहुतेकदा स्वतःहून उठवत नाही, आणि तिच्या पिलाला आईबाप जमिनीवर येऊन भरवत नाहीत. ती उचलावीच लागते. आणि पिंगळ्याचं पिलू चिंचेखाली दिसलं की गावातली शहाणी माणसंही वाट बदलतात. मोठाल्या डोळ्यांचा तो कापसाचा गोळा कुणाचं काय वाईट करणार? टॉवेलात धरून फांदीवर ठेवलं की अंधार पडल्यावर त्याचे आईबाप येतात. ज्याला आपण भितो त्याच्यावर दया करता येते का, हे तपासायला पिंगळा बरा.

एवढं सगळं करूनही पिलं मरतात. आमच्याकडं लिंगायतांत माणसाला पुरतात, तसं पोरांनी एकदा मेलेलं पिलू परड्यात पुरलं, वर विभूती लावली. शेजारची पोरगी मला विचारायला आली, ‘‘आज्जी, त्याला गळ्यात लिंग बांधलं नव्हतं. मग ते शिवाकडं जाईल का?’’ आमच्यात मूल जन्मलं की त्याला लिंग बांधतात, ते तिनं तिच्या धाकट्या भावाचं पाहिलं होतं. मी तिला म्हटलं, लिंग आपण विसरू नये म्हणून बांधतात गं. पाखरू विसरलेलंच नसतं. तिला ते पटलं की नाही कळलं नाही. तिनं आणखी थोडी विभूती मागून नेली.

ह्या विषयातली सगळ्यात अवघड जागा मला नान्नजच्या माळावर दिसते. सोलापूरच्या उत्तरेला, १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं. माळढोकची मादी उघड्या माळावर एकच अंडं घालते. माळ गेला, कुत्री आली, तारा आल्या, आणि आता तिथं माळढोक दिसणं नशिबाची गोष्ट झाली. राजस्थानात जैसलमेरजवळ सम इथं २०१९ पासून माणसं ह्या पाखराची रानातली अंडी उचलून आणतात, यंत्रात उबवतात आणि पिलं हातानं वाढवतात. मी ज्याला वर पळवणं म्हटलं तेच. आणि तरी मी त्यांना चूक म्हणू शकत नाही. घर शाबूत असेल तर पिलू घरी ठेवावं. घरच आपण मोडलं असेल, तर हात मागे घेऊन बसणं हा वैराग्याचा देखावा होईल. तिथं हात पुढे करण्यात पुण्य कसलं, ती जुनी देणी आहेत.

माझे वडील नांगरताना टिटवीची अंडी दिसली की काठी रोवायचे आणि तेवढ्या जागेला वळसा घालून तास काढायचे. आता ट्रॅक्टर असतो. पण आमच्या रानात येणारा ट्रॅक्टरवाला अजूनही टिटवी ओरडायला लागली की ब्रेक दाबतो, उतरतो, अंडी शोधतो आणि खाटेएवढी जागा तशीच ठेवतो. मी एकदा त्याला म्हटलं, फार दया आहे बघ तुझ्या मनात. तो म्हणाला, ‘‘दया कशाची अक्का? ती आपल्या आधीपास्नं हितं हाय. तिचा वाटा हाय तेवढा.’’ सोप्यात तुळईला चिमण्यांसाठी ज्वारीच्या कणसांची जुडी टांगायची पद्धत होती, तीही ह्याच हिशेबातली. दया म्हटलं की देणारा मोठा होतो. वाटा म्हटलं की नुसता हिशेब चुकता होतो, आणि देणाऱ्याच्या वाट्याला मोठेपण येतच नाही. अल्लमप्रभूंना हे उत्तर आवडलं असतं.

तेव्हापासून मी पिलांपेक्षा घरांच्या मागे लागले आहे. शेजारी स्लॅबचं नवं घर उभं राहिलं. सगळीकडं गुळगुळीत गिलावा, चोच शिरायला फट नाही. मी घरमालकिणीला म्हटलं, भिंतीत एक विटेएवढा कोनाडा सोड, गुब्बींचा वाटा म्हणून. ती म्हणाली, बाई, घाण होते, काड्या पडतात. तक्रार खोटी नव्हती. शेवटी न्हाणीच्या मागच्या बाजूला, जिथं खाली कुणी बसत नाही तिथं, दोन कोनाडे सोडायचं ठरलं. गवंड्यानं खूण करताना हात थांबवला आणि विचारलं, तोंड कुणीकडं करू? मावळतीचं ऊन लागलं तर पिलं तापून बाहेर पडतात. मी उगवतीकडं करायला सांगितलं, आणि वर बोटभर पुढं येणारी फरशीची पट्टी बसवून घेतली, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही.